‘चालेल ना सगळ्यांना?’ : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखाने, गोदामे आणि कार्यालये यांचे व्यवस्थापक व विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली सव्वीस वर्षे मी या पट्ट्यात नोकरी करते आहे. सुरुवात वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्याच्या भांडारात कारकून म्हणून झाली आणि आज रबाळे-महापे परिसरातल्या एका कंपनीत भांडार व वितरण विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. हे पत्र मी बाहेर उभी राहून लिहीत नाही. ज्यांना ते उद्देशून आहे त्यांच्यातलीच मी एक आहे आणि ज्या चुकीविषयी लिहिते आहे ती मी स्वतः केलेली आहे.

आपल्यापैकी कोणीही आपल्या विभागाचा हजेरीपट उघडून पाहावा. माझ्याकडे कोल्हापूर आणि जळगावकडची मुले आहेत, हिशेब सांभाळणारे गृहस्थ केरळचे आहेत, गुणवत्ता तपासणारी अभियंता तमिळनाडूची आहे, माल चढवणारे-उतरवणारे निम्मे उत्तर प्रदेश आणि बिहारमधले आहेत, आणि उरलेले घणसोली, तळवली, दिवा इथले, ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले त्या घरांतले आहेत. वीस वर्षांपूर्वी भांडारात मी एकटी बाई होते, आता आम्ही सात जणी आहोत. पन्नाशी ओलांडलेले फोरमन आणि चोविशीतली संगणक चालवणारी मुले एकाच टेबलावर डबा उघडतात. अशी भरती आपण केली, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाही हरकत नाही. मात्र इतकी वेगवेगळी माणसे एका खोलीत आणून बसवल्यावर बैठक घेण्याची आपली पद्धत आपण बदलली का, हा प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे. माझ्यापुरते उत्तर द्यायचे तर पुष्कळ वर्षे मी ती बदलली नव्हती आणि त्याची किंमत एका पावसाळ्यात मोजली.

झाले ते असे. आमचे स्वतःचे गोदाम अपुरे पडू लागले तेव्हा भाड्याने दुसरे घ्यायचे ठरले. दोन जागा समोर होत्या. एक पारसिक डोंगराच्या बाजूला, चढावर आणि महाग. दुसरी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला, बरीच स्वस्त, गाड्या वळवायला ऐसपैस. मार्च महिना होता, ऊन तापले होते आणि पाण्याचा विषय कोणाच्या मनातही नव्हता. बैठकीला आम्ही नऊ जण होतो. भाडे, अनामत रक्कम, महामार्गापासूनचे अंतर, विजेचा भार, रॅकची उंची या सगळ्यावर तासभर बोलणे झाले. माल हलवायला किती माणसे लागतील एवढेच विचारण्यासाठी हमालांच्या मुकादमांना आत बोलावले होते. ते घणसोली गावचे, आगरी समाजातले, कंत्राटदाराच्या पटावरचे. खुर्च्या कमी होत्या म्हणून ते दाराशी उभे राहिले. माणसांचा आकडा सांगून झाल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारले, “मॅडम, उघारी बंद आसली तं पानी कुठं जाईल?”

आगरी बोलीत ‘ड’चा उच्चार पुष्कळदा ‘र’कडे जातो. ते ‘उघाडी’ म्हणत होते. हिशेबाच्या साहेबांना ‘उधारी’ ऐकू आले आणि ते म्हणाले की उधारीचे, म्हणजे अनामत रकमेच्या हप्त्यांचे, जागामालकाशी आपण बोलून घेऊ. मुकादम गप्प झाले. मला ‘पाणी’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला होता. पण तो शब्द कशाबद्दल आहे हे मला कळले नाही, आणि कळले नाही हे नऊ माणसांसमोर कबूल करून विचारावे, एवढे मला सुचले नाही. मी घड्याळाकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणे म्हटले, “मग खाडीकडची जागा घेऊ. चालेल ना सगळ्यांना?” सगळ्यांना चालले.

जुलैच्या शेवटी अमावास्येच्या उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. सकाळी गोदामाचे शटर उचलले तेव्हा आत गुडघ्याच्या जरा खाली पाणी होते. पॅलेटच्या सर्वांत खालच्या थरावर कागदाची रिळे होती. रिळांनी पाणी शोषले, ती फुगली आणि त्यांच्या वरची वेष्टने शिवण उसवावी तशी उलली. खोक्यांचा पुठ्ठा हातात घेतला की त्याचे थर आपोआप सुटत होते. त्या चिखलात मुकादम उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून मला उघाडी म्हणजे काय ते दाखवले. खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालतात. त्या बांधात पाणी बाहेर जाण्यासाठी जी झापेची वाट ठेवतात ती उघाडी. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झाप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला तर ते पाणी ओहोटी लागेपर्यंत आतच साचून राहते. नवी मुंबई वसवताना सिडकोने वाशी, बेलापूर अशा भागांत जे धारण तलाव बांधले त्यांचे तत्त्व हेच आहे. आणि ज्या नाल्याच्या काठी आमचे गोदाम होते तो नाला कुठे साचतो हे त्यांना लहानपणापासून माहीत होते, कारण ती जमीन एकेकाळी त्यांच्या आजोबांची होती. “मी सांगितलं होतं” असे ते एकदाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मला कदाचित सोपे गेले असते.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि आपणही करावा अशी विनंती आहे, कारण वरवर पाहता आमच्या बैठकीत कसलीच उणीव नव्हती. तीन राज्यांतली माणसे होती, स्त्रिया होत्या, जुने-नवे होते, आणि ज्याला खरी माहिती होती तो माणूसही त्याच खोलीत उभा होता. विविधतेच्या कुठल्याही तक्त्यात आमच्या बैठकीला पूर्ण गुण मिळाले असते. निर्णय तरीही चुकला, कारण माहिती खोलीत असणे आणि ती निर्णयात उतरणे यांच्यामध्ये एक माणूस असतो, आणि तो बैठक चालवणारा असतो.

गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला नंतर वाचायला मिळाला आणि आमची बैठकच कोणी लिहून ठेवली आहे असे वाटले. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना तीन उमेदवारांतून एकाची निवड करायला सांगितले होते. काही गटांत सगळ्यांना सगळी माहिती दिली. काही गटांत ती अशी वाटून दिली की सर्वांत चांगल्या उमेदवाराच्या बाजूचे मुद्दे प्रत्येकाकडे थोडे-थोडेच जातील. सगळ्यांनी आपापले मुद्दे मांडले असते तर योग्य उमेदवार सहज पुढे आला असता. प्रत्यक्षात ज्या गटांत माहिती विखुरलेली होती तिथे बहुतेकांनी चुकीचीच निवड केली, कारण चर्चेचा बहुतेक वेळ जे सगळ्यांना आधीच ठाऊक होते त्यावर गेला. आमचेही तेच झाले. भाडे सगळ्यांना माहीत होते म्हणून भाड्यावर तासभर बोललो. उघाडी एकालाच माहीत होती म्हणून तिला अर्धे मिनिटही मिळाले नाही. वेगवेगळ्या ठिकाणची माणसे घेण्याचा फायदा हाच असतो की प्रत्येकाजवळ दुसऱ्याला ठाऊक नसलेले काही असते, आणि साध्या सवयीने चालवलेल्या बैठकीत नेमके तेच मागे राहते.

हाताखालच्या माणसाची शंका बहुधा प्रश्नाचे रूप घेऊन येते, हेही मी त्या दिवशी शिकले. “ही जागा घेऊ नका” असे मुकादम मला म्हणू शकत नव्हते. त्यांनी विचारले, पाणी कुठे जाईल. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, असे विचारले होते. त्याच्याहून हुद्द्याने ज्येष्ठ असलेल्या कप्तानाने ठामपणे ते झाले आहे असे उत्तर दिले आणि विषय तिथेच संपला. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी कनिष्ठांना स्पष्ट बोलण्याचे आणि कप्तानांना ऐकण्याचे प्रशिक्षण देणे सुरू केले. आपल्या गोदामात पाचशे माणसांचा जीव टांगलेला नसतो हे खरे आहे. पण रसायनांच्या कारखान्यांतले जे सहकारी हे वाचत असतील त्यांना मी हे वाक्य लागू करणार नाही.

कायद्याने हे आपल्याला कधीच सांगून ठेवले आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने अधिनियमात ४१-ग हे कलम आले आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती बंधनकारक झाली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतल्या तक्रार निवारण समितीत स्त्री कामगारांचे प्रमाण जेवढे असेल त्याहून कमी स्त्री-प्रतिनिधी असता कामा नयेत असे म्हटले आहे. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीवर संस्थेबाहेरची एक व्यक्ती ठेवायला लावली आहे, कारण आतले लोक एकमेकांचे पाहून बोलतात हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. अशा समित्यांच्या इतिवृत्तांवर सह्या घेण्याचे काम माझ्याकडेही होते. किती सह्या जेवणाच्या सुट्टीत, मजकूर न वाचता झाल्या आहेत, ते मी पाहिले आहे.

आता त्या ‘चालेल ना’विषयी. मराठी माणसाच्या बैठकीतले हे सर्वांत महाग वाक्य आहे असे माझे मत झाले आहे. ते प्रश्नासारखे दिसते, पण त्याला एकच उत्तर असते. प्रमुखाने आपला कल सांगून टाकल्यावर हे विचारले की पूजेला बसलेल्या यजमानाने गुरुजींच्या मागे ‘मम’ म्हणावे तसे सगळे ‘मम’ म्हणतात. यात कोणी लबाडी करत नाही. सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या दशकात रेषांच्या लांबीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोर धडधडीत दिसत असतानाही, बाकीचे सगळे एकमुखाने चुकीचे उत्तर देत आहेत म्हटल्यावर, साधारण एक तृतीयांश वेळा माणसे त्या चुकीच्या उत्तराला मिळाली. पण गटातला एक जरी माणूस वेगळे बोलला तर हे प्रमाण खूपच खाली येत असे. म्हणून आपल्या बैठकीत जो पहिला ‘पण’ म्हणतो त्याला जपा. तो बरोबर असेलच असे नाही, पण त्याच्यामुळे दुसऱ्याला तोंड उघडता येते.

आमची खरी बैठक कुठे होते हे मला संध्याकाळी रबाळ्याहून ठाण्याकडे येणाऱ्या गाडीत कळले. त्या जुलैनंतरच्या आठवड्यात बायकांच्या डब्यात गुणवत्ता विभागाची ती तमिळ अभियंता माझ्या शेजारी बसली होती. ऐरोली गेल्यावर ती म्हणाली की जागा पाहायला गेलो तेव्हा भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर मिठासारखे पांढरे डाग तिने पाहिले होते. ओल वर चढत असली की तसे डाग पडतात हे तिला माहीत होते. मी विचारले, मग बैठकीत का सांगितले नाहीस? ती म्हणाली की सगळे भराभर मराठीत बोलत होते, ‘लोणा’ या अर्थाचा शब्द तिला मराठीत किंवा हिंदीत येत नव्हता, इंग्रजीत सांगावे तर मोठेपणा वाटेल अशी भीती वाटली, आणि तोवर माझे ‘चालेल ना’ येऊन गेले होते. म्हणजे त्या खोलीत पाण्याची माहिती एकाकडे नव्हती, दोघांकडे होती. एकाला प्रमाण मराठी अडली आणि एकीला मराठीच अडली. दोघांनाही एकमेकांचे ऐकू आले असते तर दोन अर्धवट शंकांची मिळून एक पूर्ण शंका झाली असती. ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावर उतरून जिना चढताना मला स्वतःचा फार राग आला होता.

त्यानंतर आम्ही जे बदलले ते सांगते. त्यात नवे शोध नाहीत. एक म्हणजे महत्त्वाच्या विषयावर बोलण्याआधी सगळ्यांनी पाच मिनिटे लिहायचे. जुन्या चलनांचे पाठकोरे कागद कापून टेबलावर ठेवतो. मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ, ज्याला जी येते त्या भाषेत लिहावे. लिहिता येत नसेल त्याने शेजाऱ्याला सांगून लिहून घ्यावे. नाव घालण्याची सक्ती नाही. सगळ्या चिठ्ठ्या खोलीतला सर्वांत कनिष्ठ माणूस मोठ्याने वाचतो आणि सगळ्या वाचून होईपर्यंत कोणी मध्ये बोलत नाही. मी माझे मत सर्वांत शेवटी सांगते. न कळलेला शब्द कानावर आला तर तो ज्याने उच्चारला त्यालाच अर्थ विचारायचा आणि अर्थ कळल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा आमच्याकडे आता नियम आहे. तो पाळण्याची पहिली जबाबदारी माझी आहे. ‘चालेल ना’ ऐवजी मी विचारते, “हा निर्णय फसला असे धरून चाला. तो कशामुळे फसला असेल?” गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली ही रीत आहे. निर्णयावर टीका करणे अवघड असते, कारण ती साहेबांवर टीका होते. फसलेल्या निर्णयाचे कारण शोधणे हे मात्र सोपवलेले काम असते आणि सोपवलेले काम आपली माणसे मन लावून करतात.

हे लगेच जमले असे समजू नका. पहिले चार-पाच महिने चिठ्ठ्या कोऱ्या येत किंवा त्यांवर ‘ठीक है’ आणि ‘मॅडम सांगतील तसे’ एवढेच असे. कंत्राटी माणसांना भीती होती, आणि ती खोटी नव्हती. बोलल्यामुळे उद्या कंत्राटदार कामावर घेणार नाही, हा धोका कायम नोकरीतल्या आपल्यासारख्यांना नीटसा कळत नाही. शेवटी मी कंत्राटदाराला लेखी कळवले की बैठकीत काही बोलल्यावरून कोणाचाही खाडा लावल्यास किंवा कोणाला बदलल्यास ते मला चालणार नाही, आणि त्या पत्राची प्रत कामगारांच्या विश्रांतीच्या जागी लावली.

चिठ्ठ्या खऱ्या अर्थाने भरू लागल्या त्या एका लहानशा गोष्टीनंतर. मालाचे दोन प्रकार वेगळे कळावेत म्हणून खोक्यांवर पिवळी आणि पांढरी पट्टी लावायचे ठरत होते. नमुने टेबलावर होते, सगळ्यांना पसंत होते. रात्रपाळीत गाड्या भरणाऱ्या, जौनपूरकडच्या एका मुलाची चिठ्ठी हिंदीत होती. आवारातल्या पिवळ्या दिव्याखाली रात्री दोन्ही पट्ट्या एकसारख्या दिसतात, एवढेच त्यात लिहिले होते. आम्ही नऊ जण दिवसपाळीचे होतो. त्या रात्री थांबून मी आणि फोरमन आवारात नमुने घेऊन गेलो आणि दिव्याखाली धरले. खरोखरच ओळखू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी एका पट्टीवर काळ्या आडव्या रेघा घातल्या आणि हा बदल कोणाच्या सांगण्यावरून केला ते त्याला विचारून फलकावर लिहिले. पुढच्या बैठकीत एकही चिठ्ठी कोरी नव्हती. विचारल्यावर माणसे बोलत नाहीत, बोलल्याचा उपयोग झालेला दिसला की बोलतात, असा माझा अनुभव आहे.

याउलट ज्याचे मत स्वीकारले नाही त्याला आपण बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असे लिहून मोकळे होतो. मी आता विरोधी मत आणि त्याचे कारण दोन ओळींत नोंदवते, आणि ते का स्वीकारले नाही हेही नोंदवते. यामुळे माझ्याच काही निर्णयांची कारणे किती लंगडी होती हे लिहिताना माझ्या लक्षात आले आणि दोनदा मी निर्णय बदलला.

दोन गैरसमज मात्र मला दूर करायचे आहेत, कारण या विषयावर सहकाऱ्यांशी बोलताना ते हमखास पुढे येतात. काहींना वाटते की सगळ्यांचे ऐकायचे म्हणजे मतदान घ्यायचे. अजिबात नाही. गोदामाच्या प्रश्नावर मतदान घेतले असते तर मुकादम एकटे पडले असते आणि आम्ही बहुमताने पाण्यात गेलो असतो. एकाला जे माहीत आहे त्याचे वजन डोकी मोजून कळत नाही. निर्णय विभागप्रमुखानेच घ्यावा आणि त्याची जबाबदारीही त्यानेच घ्यावी, फक्त तो घेण्यापूर्वी खोलीतली सगळी माहिती टेबलावर आली आहे याची खात्री करावी. तसेच रोजच्या कामातल्या साध्या प्रश्नांना ही उठाठेव नको. गाडी कोणत्या फाटकातून सोडायची यावर चिठ्ठ्या वाटत बसलात तर लोक योग्यच कंटाळतील. जो निर्णय मागे फिरवता येणार नाही किंवा ज्याचा भार खोलीबाहेरच्या माणसांवर पडणार आहे, त्यासाठी हा वेळ राखून ठेवावा.

दुसरा गैरसमज अधिक नाजूक आहे. कित्येक वर्षे प्रत्येक बैठकीच्या शेवटी माझे वरिष्ठ माझ्याकडे वळून आदराने विचारत, “मॅडम, महिलांच्या दृष्टीने काही?” मी भांडाराची होते. मला रॅकच्या भारक्षमतेविषयी बोलायचे असे, पुरवठादाराच्या वजनातल्या घटीविषयी बोलायचे असे. पण मला बोलण्याची जी एक जागा दिली होती ती प्रसाधनगृहाच्या प्रश्नासाठी राखलेली होती. तो प्रश्नही महत्त्वाचा होता आणि मी तो मांडलाही, परंतु त्या प्रेमळ विचारण्यामुळे मी माझ्या कामातली जाणकार उरले नाही. आगरी माणसाला फक्त गावाविषयी, उत्तर भारतीयाला फक्त सुट्टीत गावी जाण्याविषयी, दिव्यांग सहकाऱ्याला फक्त उताराच्या रस्त्याविषयी विचारणे ही तीच चूक आहे. माणसाला त्याच्या कामाविषयी विचारावे. त्याचे गाव, भाषा, वय आणि तो स्त्री आहे की पुरुष हे सगळे त्याच्या कामाकडे पाहण्याच्या नजरेत आपोआप असते.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अशा बैठका अधिक वेळ घेतात आणि त्या सुखाच्या नसतात. हिशेबाचे साहेब दोन वेळा चिडून उठून गेले. उत्पादन आणि गुणवत्ता विभागांचे वाद, जे पूर्वी ईमेलवर होत, ते तोंडावर होऊ लागले. बैठक संपल्यावर ‘छान झाली’ असे समाधान मिळत नाही. कॅथरीन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले होते. खुनाचा उलगडा करण्याचे काम दिलेल्या गटांत मध्येच एक नवा माणूस पाठवला जाई. तो आपल्यातलाच असेल तर गटाला आपल्या उत्तराची अधिक खात्री वाटे. तो परका असेल तर चर्चा अवघडलेली होई, खात्री कमी वाटे, पण उत्तर बरोबर येण्याचे प्रमाण मात्र अधिक असे. हे वाचल्यापासून बैठकीनंतरच्या समाधानावर मी विश्वास ठेवत नाही. गोदामाच्या बैठकीनंतर आम्ही सगळे फार समाधानी होतो, त्या दिवशी मी सर्वांना वडापावही मागवला होता.

आपल्याला माझी मागणी मोठी नाही. आता मे महिना जवळ येतो आहे आणि प्रत्येक कारखान्यात पावसाळापूर्व तयारीची बैठक होईल. पंप, ताडपत्र्या, छपराची दुरुस्ती, नालेसफाई, वीज गेल्यास जनरेटर, रात्रपाळीच्या बायकांना घरी पोहोचवणे असे सगळे विषय त्यात येतात आणि त्यांतला एकही विषय कोणा एका खुर्चीत बसून पूर्ण कळत नाही. या एका बैठकीला आपल्या आवारातला सुरक्षारक्षक, माल चढवणाऱ्यांपैकी एक, सफाई करणाऱ्या बायकांपैकी एक, आणि शेजारच्या गावात वाढलेला कोणी कामगार असेल तर तो, यांना बोलवावे. त्यांच्यासाठी खुर्च्या आधीच मांडून ठेवाव्यात, त्यांना दाराशी उभे राहू देऊ नये. त्या वेळेचे वेतन त्यांना मिळेल याची कंत्राटदाराकडून खात्री करून घ्यावी. आराखडा दाखवण्याआधी त्यांना विचारावे की मागच्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा कुठे दिसले होते आणि ते कोणत्या बाजूने आले होते. आपण स्वतः त्यांचे सांगून होईपर्यंत बोलू नये.

आमच्याकडे ही बैठक यंदा मेच्या दुसऱ्या शनिवारी आहे. मुकादम आता निवृत्त झाले आहेत, पण भरतीचे वेळापत्रक घेऊन त्या दिवशी येणार आहेत. आपल्यापैकी कोणाला येऊन पाहायचे असेल तर जरूर यावे.

आपली नम्र,
भांडार व वितरण विभागप्रमुख,
कळवा, जि. ठाणे